पानाच्या डब्यातलं यंत्र

आई, शेवटी मीही कानाला यंत्र लावलं. हस आता! जिच्या एका हाकेनं अख्खा वर्ग गप्प व्हायचा, तिला सुनेचं साधं बोलणं दोनदा विचारावं लागतं. पहिल्या दिवशी ते घालून स्वयंपाकघरात गेले आणि पंखा, नळ, मिक्सर, शेजारचा कुत्रा, सगळं एकदम डोक्यात घुसलं. तेव्हा तू आठवलीस. मी हौसेनं आणलेलं यंत्र कानात घालून तू नारळ खवायला बसली होतीस, आणि मध्येच विळीवरनं उठलीस. "सगळं एकदम अंगावर येतं गो, नको मला." मी वस्सकन ओरडले, "एवढं आणलंय तर घाल की!" तू ते पदराला पुसून पानाच्या डब्यात ठेवलंस, सुपारीशेजारी. मग तू जाईपर्यंत आम्ही सगळे तुझ्याशी ओरडूनच बोललो, आणि तू कशालाही "हो, हो" म्हणायचीस. आम्हाला त्याचंही हसू यायचं.

इथल्या दवाखान्यातली मुलगी मला म्हणाली, "काकी, कानाबरोबर मेंदूचीही ऐकायची सवय मोडते. रोज थोडा वेळ एकच आवाज धरा, लक्ष देऊन ऐका. मेंदू पुन्हा शिकतो, बदलतो. घरातलं कुणी जवळ बसून सावकाश बोललं तर फारच बरं." आपल्याला तेव्हा सेल कसा घालायचा तेवढं दाखवलं होतं. पण जवळ बस, हेसुद्धा मला कुणी सांगायला हवं होतं का गो?

मी खोबरं धरलं. दुपारी पंखा चालू ठेवून तुझ्याच विळीवर खवते आणि फक्त ती खरखर ऐकते. आधी वाटायचं, भाट्याच्या खाडीत भिरकावून द्यावं हे यंत्र. मग एका दुपारी खरखर पंख्यापासून सुटी झाली. पुढं नळ सुटा झाला. परवा मासेवालीनं दारातून "सौंदाळे ताजे हायत" म्हटलं आणि मी आतूनच ओरडले, "थांब, आले!" सून बघतच राहिली. मला मात्र रडू फुटलं. तुझंही झालं असतं, आई. नुसतं बसायचं होतं तुझ्याजवळ.

हा कागद मी पानाच्या डब्यात ठेवतेय, तुझ्या यंत्राखाली. एक सांगायचं राहिलं. काल खवता खवता तुझा आवाज आठवून बघत होते. खूप लक्ष दिलं. पण माझंच ओरडणं ऐकू येत राहिलं, आणि त्याच्या मागनं तुझं "हो, हो". त्याआधीचा तुझा आवाज मला आठवत नाही.