साठ खुर्च्यांची परिषद

३ सप्टेंबर, सोमवार
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, दर उधाणाला किनाऱ्यावरच्या वस्त्यांत समुद्र शिरतो, आणि तो अडवणारी माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. कुणी दरवाजे सांभाळतं, कुणी पंप, कुणी बांध. त्यांना एकत्र आणा, एकमेकांकडून चार गोष्टी शिकतील. काम माझ्याकडे. माझ्याकडेच का, ते बोलले नाहीत, मी ओळखलं. (बाकीचे दोघे रजेवर आहेत. तो योगायोग.)
संकल्प: पहाटे नामस्मरण. बोलणं कमी.

५ सप्टेंबर, बुधवार
बाजारामागचा हॉल मिळाला. महिनाभर बुक, फक्त २४ तारीख मोकळी. आदल्या दिवशी पौर्णिमा. याला ईश्वरी योजना म्हणतात. हॉलवाल्याने दोनदा विचारलं, नक्की चोवीसच ना? म्हटलं, नक्की. तो हसला. आनंदी माणूस.
उठायला साडेसात झाले.

८ सप्टेंबर, शनिवार
अक्काचा फोन. तिच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावर लोखंडी झडप आहे. ती पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि समुद्राचं आत येऊ देत नाही. ती गंजून उघडीच अडकली आहे. अक्का दोन वर्षं सांगते आहे. गेल्या उधाणाला पाणी उंबऱ्याला लागलं. आता भावोजींच्या पायाचं ऑपरेशन झालंय. म्हणाली, पाणी घरात आलं तर ह्यांना कुठे ठेवू, कपाटावर?
शांतपणे समजावलं, की एकेक झडप दुरुस्त करत बसणं म्हणजे ठिगळं लावणं. परिषदेत मूळ प्रश्नच सुटणार आहे. तुझी झडप मी चर्चेचा मुद्दा म्हणून घेतो. म्हणाली, मुद्दा घे रे बाबा, पण आधी दोन माणसं आणि ग्रीसचा डबा पाठव.
थोरल्या बहिणीशी वाद घालू नये. फोन ठेवला. (तिने.)

१२ सप्टेंबर, बुधवार
निमंत्रण अकराव्यांदा लिहिलं. चार पानं झाली. गावच्या शाळेत गुरुजी माझी वही वर्गभर फिरवायचे, त्याची आठवण झाली. साठ पत्रं, साठ खुर्च्या. त्यासोबत कारकूनबाईंनी नेहमीच्या कागदांचा गठ्ठाही सहीला आणला. न वाचताच सह्या केल्या. चित्त एकाग्र असलं की असं होतं.
ग्रीसचं परिषदेनंतर बघू.

१७ सप्टेंबर, सोमवार
एकाचंही उत्तर नाही. दारवाल्या काकांना फोन केला. खाडीच्या मोठ्या दरवाज्यावर त्यांची तीस वर्षं गेली. म्हणाले, यायची फार इच्छा होती हो साहेब, पण तुम्हीच नको म्हणालात. बिचारे. वय झालं.

१९ सप्टेंबर, बुधवार
पंपवाल्या बाईंनी तर पत्रच वाचून दाखवलं. ‘२३ ते २६ उधाण. या काळात कुणीही आपली जागा सोडू नये. सोडल्यास कारवाई करण्यात येईल.’ खाली माझी सही. विचारत होत्या, साहेब, तुमचं नेमकं कुठलं पत्र पाळू? जागा सोडायची की नाही सोडायची? मी म्हटलं, दोन्ही पाळा. त्यांनी लगेच फोन ठेवला. पटलं असावं.
तारीख पुढे ढकलावी का? साहेबांना सांगितलं तर ती चूक ठरते. न सांगितलं तर श्रद्धा.

२३ सप्टेंबर, रविवार
अक्काने पलंग विटांवर चढवलाय. तिने विचारलं, उद्या कुणी येणार आहे का? म्हटलं, उद्या सगळी जाणकार माणसं एकत्र येतील. म्हणाली, तू राहू दे, मी बघते. तिच्या आवाजात विश्वास नव्हता. वाईट वाटलं.
देवासमोर बराच वेळ बसलो. एवढंच मागितलं, की सगळ्यांना एकत्र आण.

२४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११
हॉलमध्ये मी, ही आणि कारकूनबाई. रस्त्यावर पोटरीएवढं पाणी. वेळेचं महत्त्व म्हणून स्वागताचं भाषण सुरू केलं. तिसऱ्या मिनिटाला ही म्हणाली, अहो, आवरा आता, पाणी पायरी चढतंय.

दुपारी १२.३०
खुर्च्या तरंगू लागल्या. पहिली रांग आधी. आम्ही तिघं व्यासपीठावर. हॉलवाल्याचा फोन आला. म्हणाला, चोवीसला कुणी का घेत नाही, ते कळलं ना?

दुपारी ४
ओसरल्यावर अक्काकडे गेलो. वाटभर शब्द जुळवत होतो. गल्ली कोरडी होती. भावोजी विटांवरच्या पलंगावर पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, तू का एवढा भिजलास?
अक्काने सांगितलं. तिने काल कारकूनबाईंकडून निमंत्रितांचे नंबर घेतले आणि सरळ फोन लावले. उधाणाला भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. आज पहाटे सहाला झडप पूर्ण पाण्याबाहेर येणार, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सात जण आले. दारवाल्या काकांनी साखळी लावून ती हलवली, पंपवाल्या बाईंनी मागचा गाळ उपसला, बांधावरच्या मुकादमाने बिजागरीचा खिळा कापून नवा ठोकला. भांडले काय, एकमेकांना शिकवलं काय! नऊच्या आत जो तो आपापल्या जागेवर.
भरतीच्या वेळी आज्ञा कुणी मोडली नाही. म्हणजे माझं दुसरं पत्र तंतोतंत पाळलं गेलं.
मागताना देवाला पत्ता द्यायला हवा होता.
पहाटे सहाला मी झोपलो होतो.

२६ सप्टेंबर, बुधवार
साहेबांना अहवाल हवाय. कोण आले, काय शिकले, पुढे काय. पहिल्या ओळीत ‘परिषद यशस्वी’ लिहिलं. खोटं नाही. दुसरी ओळ सुचेना. अक्काला फोन केला.
त्या सातांनी मोबाइलवर ग्रुप काढलाय. पुढच्या ओहोटीला शेजारच्या वस्तीची झडप. ग्रुपवर रोज फोटो, सल्ले, शिव्या. अक्काही त्यात आहे. म्हटलं, मलाही घ्या, अहवालाला उपयोग होईल. ती जरा घुटमळली. म्हणाली, तसं नाही रे, पण तू चार-चार पानं पाठवशील. काकांना विचारून सांगते.
ही गोष्ट सकाळी दहाची. आता संध्याकाळचे सहा वाजलेत. अजून विचारते आहे.