चौथ्या मॉनिटरचा पत्ता

प्रिय शंकासूर,

तुझ्या नव्या खोलीत टेबल खिडकीला लागून आहे, असं आईने सांगितलं. उजेड डाव्या बाजूने येऊ दे, समोरून आला तर डोळे दुखतील. (सूचना केल्याशिवाय मला पत्र सुरूच करता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.)

ऑफिसात अजून तोच ड्रायव्हर घेऊन बसलोय, चार मॉनिटर चालवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला संगणकाशी बोलतं करणारा प्रोग्राम. सुट्टीत तू घरी त्याची चाचणी करायला बसली होतीस. "बाबा, तिसरा बंद केला की चौथा रुसतो," म्हणालीस. मी म्हटलं, केबल खराब असेल. तीन केबली बदलल्या, रुसवा जाईना. मग तू म्हणालीस, "कार्डाच्या माहितीपुस्तकातलं चौथ्याचं पान एकदा उघडून बघ ना." आणि मी, कॉलेजचं तोंडही न पाहता वीस वर्षं ड्रायव्हर लिहिणारा माणूस, जेवताना सगळ्यांसमोर बोललो, "डिग्रीवाल्यांना पुस्तकाशिवाय काही दिसतच नाही." तू ताटावरून उठलीस. आठवड्याभरात नोकरीच्या गावी गेलीस, आणि तेव्हापासून तुझा फोन येतो तो आईलाच.

गेल्या आठवड्यात ते पान उघडलं. मॉनिटरला नवं चित्र हवं झालं की कार्ड त्याच्या रजिस्टरात, म्हणजे त्याच्या नावाच्या छोट्या खणात, खूण करतं आणि प्रोसेसरला हाक मारतं, तोच इंटरप्ट. पहिल्या तिघांची रजिस्टरं एका ओळीत, सारख्या अंतरावर. म्हणून तर मी अंतर मोजून पत्ता काढणारी चार ओळींची सुबक लूप लिहिली होती, आणि चारचौघांत मिरवलीही होती. पण चौथं त्या ओळीत नाहीच गं! ते पार दुसऱ्या टोकाला, वर त्यातल्या खुणांचा क्रमही उलटा. माझी लूप चौथ्याला जिथे शोधत होती, तिथे तिसऱ्याचीच नक्कल दिसते. तिसऱ्याने हाक मारली की आम्ही चौथ्यालाही ओ देत होतो. तिसरा गप्प, की चौथा उपाशी!

असं का केलं असेल, या विचाराने मला चैन पडेना. शेवटी चिप आखणाऱ्या विभागातल्या सर्वांत जुन्या माणसाला गाठलं. तो हसायलाच लागला. "अहो, आधी तीनच ठरले होते. चौथा ऐनवेळी आला, जागा होती तिथे बसवला." एवढंच! आणि मी त्यात शिस्त शोधत होतो. लूप मोडली. चौघांचे पत्ते हाताने लिहून तक्ता केला. दिसायला ओबडधोबड आहे, पण तिसरा बंद ठेवूनही चौथा दोन दिवस न अडखळता चाललाय.

दुरुस्ती सोमवारी पाठवायची आहे. आमच्यात रीत अशी, की दोष ज्याने दाखवला त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं. ते तुझं आहे. त्या दिवशी मी चुकलो, कोडमध्ये आणि ताटावरही. पण ज्याचं नाव, त्याने स्वतः लिहून होकार द्यावा लागतो. आईकडून आलेला निरोप चालत नाही. तू लिहिलं नाहीस तर ती ओळ कोरी जाईल, तिथे दुसरं कुणाचं नाव मी घालणार नाही. हा नियम मी केलेला नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मला मनापासून आवडलाय.

तुझाच, उत्तराची वाट बघणारा,
बाबा