क्वाको सापडला

अँटिग्वा, १८३९

आई,

तुझ्या अबेनाचा नमस्कार. मी खुशाल आहे. हे पत्र शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतेय.

आपला क्वाको सापडला. गुलामांच्या लिलावात विकला तेव्हा दहा वर्षांचा होता, आता दाढी पिकलीय. बाजारात तुझ्यासारखाच चेहरा दिसला म्हणून हाक मारली तर म्हणाला, "बाई, माझं नाव जॉन." मग मी तुझं नाव सांगितलं. तो तिथंच मातीत बसला. "आई आहे अजून?" एवढंच विचारलं.

बायको भली आहे त्याची. पाय जरा ओढत चालतो. कशानं, ते मी विचारलं नाही.

तुझा खोकला कसा आहे? आता आपण कुणाचे गुलाम नाही, कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून रविवारच्या गलबतानं आम्ही तिघं डॉमिनिकाला येतोय.

तुझा चेहरा आठवत नाही म्हणून तो घाबरलाय. मी म्हटलं, तिला तुझा आठवतो, तेवढं पुरे.

तुझीच,
अबेना