उष्टी जिलबी

माय, काल सहावं इंजेक्शन घेतलं. फ्रीजमधून काढून अर्धा तास ताटलीत ठेवायचं, गार असलं की झोंबतं, मग पोटाची कातडी धरून टोचायचं. पहिल्या वेळी मला टोचवेना, तेव्हा तुझ्या नातीनंच टोचलं. ती अकरावीत आहे आणि मला दरडावते. "मम्मी, हलू नको, सुई बराबर बसून राहिली," म्हणाली. डोकं दुखो न दुखो, महिन्यातून एकदा घ्यायचंच. दुखणं पेटवणारा एक पदार्थ शरीरात सुटतो, त्याला हे औषध आधीच धरून ठेवतं, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. मुळातून जाईल असं ते म्हणाले नाहीत. पण महिन्याचे निम्मे दिवस अंधाऱ्या खोलीत जायचे, ते आता दोन-तीनवर आलेत. परवा शाळेत भर उन्हात कवायत घेतली आणि घरी येऊन भाकरी थापल्या. यात विशेष काय, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार.

तुझ्या वेळी अर्धशिशीवर एकच उपाय होता, जिलबी आणि दूध. दिवस उगवायच्या आत, कोणाशी न बोलता खायचं. पुडा दुसऱ्या कोणी उष्टा केला तर गुण येत नाही, असं सगळेच सांगायचे. मी चौथीत होते. हळद शिजवायचे दिवस होते आणि तू दोन दिवस कपाळाला फडकं आवळून पडली होतीस. मी बाबांसोबत आपल्या गावाजवळच्या गोरेगावच्या बाजाराला गेले. येताना जीपमध्ये पुडा माझ्याच मांडीवर होता. पहाटे तू चुलीपुढे बसून एकेक जिलबी खातेस, आणि मी उंबऱ्यावर बसून बघतेय. संपल्यावर तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "उतरलं गं लेकरा. जा, तोंड धू." मग फडकं सोडलंस आणि सरळ हळदीच्या कढईवर गेलीस.

"काम निघालं की हिचं डोकं धरतंय," असं काकू म्हणायची. मलाही ते पटलेलं होतं. बारावीच्या वर्षी, पुन्हा हळदीतच, तू ओकून आत जाऊन पडलीस, तेव्हा मी कामावरच्या सगळ्या बायांसमोर म्हणाले, "काहून सोंग करून राहिली? जिलबी खाल्ली की उतरतं न तुझं."

तू डोळे न उघडता म्हणालीस, "व्हय, तसंच असंल."

एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं.

तू गेल्यानंतर, पोरगी झाली त्या वर्षी, माझं डोकं पहिल्यांदा धरलं. ताटलीचा आवाज सोसवेना, पदराआडचा उजेड सोसवेना. असं डोकं घेऊन हळदीच्या पेटलेल्या भट्टीपुढे उभं राहणं शक्यच नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तू उभी राहिली होतीस हेही आठवलं. त्या दिवशी मी खूप रडले, त्यानं डोकं आणखीच दुखलं.

काल पोरीनं विचारलं, "मम्मी, आता उतरलं न सगळं?" मी म्हणाले, "सगळं न्हाई. पण लई कमी हाय." तिनं मान डोलावली आणि खिडकीचा पडदा ओढला. एवढंच. माझं दुखणं या घरात खरं मानलं जातं, माय, आणि पुढे कधी तिच्या वाट्याला आलंच, तर तिला जिलबीवर भागवावं लागणार नाही.

हे पत्र शाळेच्या वहीत लिहितेय, वहीतच राहील. एक मात्र सांगून टाकते. चौथीतल्या त्या दिवशी जीपमध्ये एक जिलबी मी अर्धी खाल्ली आणि उरलेली पुड्याच्या तळाशी दडवली. उष्ट्या जिलबीनंही तुझं डोकं उतरलं, म्हणजे दुखणंच खोटं, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. माझ्या दातांच्या खुणा असलेली ती अर्धी जिलबी तू हातात धरून बघितली होतीस. मग ती खाल्लीस, आणि मगच "उतरलं" म्हणालीस.