माझ्या पाच गाण्यांची व्यवस्था

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा गाणी रचणे व गिटार वाजवणे (कागदोपत्री गृहिणी), आज सकाळी चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. डॉक्टरांनी खात्रीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि पुढे जाऊ का विचारलं. ते नको म्हणाले.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं, आणि एकंदर लक्षणं पाहता शेवटचंच.

वकीलबाईंचं म्हणणं, मालमत्तेचं तेवढं लिहा, मनातलं वेगळ्या कागदावर लिहा. पण मनातलं वगळलं तर माझ्याकडे उरतं काय, दोन खोल्या आणि एक गिटार. तेव्हा दोन्ही एकत्रच येईल. त्यांनी कायद्यापुरतं तपासून घ्यावं.

कलम १. घर.

या घराचा वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या यजमानांच्या वाट्याचा होता. त्यांच्या मागे तो माझा झाला. खालचा मजला माझ्या मोठ्या दिरांचा. त्यांना घरीदारी सगळे मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते.

वरून खाली यायचा जिना मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत उतरतो. दुसरी वाट नाही. म्हणजे अडतीस वर्षं मी घराबाहेर पडताना प्रत्येक वेळी त्यांच्या समोरून गेले आहे. ते कधी "कुठे" असं विचारायचे नाहीत, फक्त वर्तमानपत्र खाली करायचे. गिटारची पेटी घेऊन एका माणसाच्या खाली केलेल्या वर्तमानपत्रासमोरून जाणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. आता तर नाकात प्राणवायूची नळी आहे, ती अकरा मीटरची आहे. मोरीपर्यंत पुरते, ओट्यापर्यंत पुरते, गॅलरीच्या उंबऱ्याशी संपते. परवा मी उंबऱ्यात उभी राहून बाहेर फक्त हात काढला होता.

हा मजला मी माझ्या नणंदेला देते. तिला या लेखात मी धाकटी म्हणेन. माझी जी काही शिल्लक बँकेत आहे ती सगळी एका कामासाठी खर्च व्हावी: गॅलरीपासून थेट रस्त्यावर उतरणारा लोखंडी जिना. परवानगी मी काढून ठेवली आहे, आराखडा कपाटात आहे. लोहाराने कठडा कंबरेइतका करावा. पायऱ्या वाजल्या तरी चालतील.

कलम २. करारनामा आणि त्यातून झालेलं सगळं.

मास्तरांचा वाद्यवृंद होता. मास्तर गात, माझे यजमान पियानो वाजवत, आणखी सहा जण. संथ, गंभीर गाणी. सगळ्यांना एकसारखे कोट. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात सह्यांसाठी एक चळत समोर आली: नाव बदलाचा अर्ज, पत्ता बदलाचा अर्ज, बँकेचे कागद. त्यातच वाद्यवृंदाचा करारनामा होता. मी सगळीकडे नवीन आडनावाने सह्या केल्या. सराव व्हावा म्हणून जरा हौसेनेच केल्या, हेही कबूल करते.

चार वर्षं मी मागच्या रांगेत खंजिरी वाजवली. मी केलेली एक चाल मास्तरांना आवडली. ती मी पळती केली होती, दोन-अडीच मिनिटांची. त्यांनी ती साडेपाच मिनिटांची केली आणि स्वतः गायली. मी म्हटलं, या गाण्याला घाई हवी. ते म्हणाले, "तू खंजिरी सांभाळ. बाकी आम्ही बघतो." त्या कार्यक्रमानंतर मी माझा कोट इस्त्री करून त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि बाहेर पडले. म्हणजे वाद्यवृंदातून. घरातून कशी पडणार? राजीनामा दिला आणि संध्याकाळी त्यांनाच आमटी वाढली.

धाकटी तेव्हा वीस वर्षांची, फरश्यांच्या दुकानात नोकरीला. तिला ताल उपजत होता. फरशी बद्द वाजते की खणखणीत, यावरून ती चिरलेला माल ओळखायची. मी तिला म्हटलं, ड्रम्स शिकतेस का. तिने हो म्हणायच्या आधी टेबलावर बोटं चालवायला सुरुवात केली होती. तिसरा, समोरच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस, भिंगं घासता घासता गुणगुणायचा; त्याच्या हाती आम्ही बेस गिटार दिली. त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. रविवारी फरश्यांचं दुकान बंद असे, तेव्हा त्याच्या मागच्या गोदामात आमची तालीम चाले. तिथल्या खोक्यांवर "तुटका माल" अशा चिठ्ठ्या होत्या. बँडला तेच नाव दिलं.

आम्ही वाजवायचो त्याला पॉवर-पॉप म्हणतात. वकीलबाईंनी अर्थ विचारला म्हणून लिहिते: गिटार दणदणीत, चाल मात्र साखरेसारखी, सगळ्यांनी मिळून गायचं, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा यायच्या आत संपवायचं. दुःखाचं असलं तरी उड्या मारत सांगायचं. मला आयुष्यात इतकं मोकळं कधी वाटलं नाही. आमचा पहिला कार्यक्रम पोहण्याच्या क्लबात झाला. चाळीस माणसं होती, त्यांतली निम्मी ओली.

तिसऱ्या कार्यक्रमाला मास्तर पहिल्या रांगेत येऊन बसले. शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटाशेजारी करारनामा ठेवला आणि पाचवं कलम वाचून दाखवलं: सही करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत तिची म्हणून जी जी रचना प्रसिद्ध होईल, तिच्यावर वाद्यवृंदाचा हक्क राहील. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, गाणी छान आहेत, आपण ती आपल्या पद्धतीने बसवू.

यजमानांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. तेव्हा धाकटी म्हणाली, "ती गाणी माझी आहेत."

तिच्या तोंडात घास होता. मास्तरांनी विचारलं, "तुझी?"

"माझी. पाचही. वहिनी फक्त गाते. आणि मी तुमच्या कुठल्याच कागदावर सही केलेली नाही, मी तेव्हा शाळेत होते."

त्यांनी तिला तिथेच म्हणून दाखवायला सांगितलं. तिने पाचही गाणी म्हटली, सुरात एकही नाही, पण एक शब्द चुकली नाही. मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

अशा रीतीने माझी पाच गाणी वाचली आणि त्याच क्षणी माझी राहिली नाहीत.

कलम ३. दोष कोणाचा.

यात मी स्वतःलाही सोडणार नाही. आमची तबकडी निघाली, रेडिओवर लागू लागली. "कडी लावू नको" हे गाणं तर भाजीवालासुद्धा म्हणायचा. जो तो धाकटीला विचारी, तुम्हाला इतकं कसं सुचतं. ती माझ्याकडे बघायची, मी गिटारच्या तारा जुळवायला लागायचे. सुरुवातीला आम्ही हसायचो. पुढे ती हसेनाशी झाली. लोकांनी कौतुक केलं की ती चोरी पकडल्यासारखी लाल व्हायची. आणि मला, खरं सांगायचं तर, तिचा राग यायचा. जिने मला वाचवलं तिचाच.

एकदा रेडिओवर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, "कडी लावू नको" कोणासाठी लिहिलंत. ती गडबडली आणि म्हणाली, एका मित्रासाठी, जो येतो म्हणाला आणि आला नाही. ते गाणं माझ्या आईवर होतं. शेवटच्या आजारात ती रोज म्हणायची, दार नुसतं लोट, कडी लावू नको, कोणी आलं तर मला उठवत नाही. बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये मी धाकटीला म्हटलं, "माझ्या आईला तू तुझा यार केलंस."

ती म्हणाली, "मग तू सांग ना खरं काय ते. सांग. मी कंटाळले तुझी आई सांभाळून."

लिफ्ट खालच्या मजल्यावर आली तरी आम्ही दोघी आतच उभ्या होतो. खरं सांगितलं की गाणी मास्तरांची. नाही सांगितलं की तिची. माझी व्हायला कुठलाच रस्ता नव्हता. तिने ड्रमच्या काठ्या माझ्या हातात दिल्या आणि गेली. महिन्याभरात दुकानाच्या दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागून घेतली. तुटका माल दोन वर्षं तीन महिने टिकला.

पुढच्या महिन्यात मी वाद्यवृंदात परत उभी राहिले. मास्तरांनी एक अक्षर विचारलं नाही. कोट माझ्या मापाचाच ठेवला होता. रात्री यजमान म्हणाले, "तू परत आलीस म्हणून मला बरं वाटलं. आणि त्याची मला लाज वाटते." ते भिडस्त होते, वाईट नव्हते. पाचही गाणी माझी हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, मोरीत मी गुणगुणायचे ती भिंतीपलीकडे त्यांनीच ऐकली होती. मरेपर्यंत त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, तेवढं त्यांच्या नावावर जमा धरावं. एकोणीस वर्षं मी पुन्हा खंजिरी वाजवली, मास्तरांचा आवाज बसला तोवर.

कलम ४. गाणी.

करारनाम्याच्या पाचव्या कलमाला दुसरं वाक्य आहे: सदर व्यक्तीच्या मृत्यूनंतर सर्व हक्क तिच्या वारसाकडे जातील. ते मास्तरांनी स्वतःच्या मुलांचा विचार करून घातलं होतं, पण मसुदा सगळ्यांना एकच होता. वकीलबाईंनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, तुम्ही गेलात की तुमची गाणी सुटतात.

म्हणून जे हयातीत बोलता आलं नाही ते इथे शपथेवर लिहिते. "कडी लावू नको" धरून त्या तबकडीवरची पहिली पाच गाणी, शब्द आणि चाल, माझी आहेत. त्यांचे हक्क मी धाकटीला देते. यापुढे ती छापताना माझं नाव घालावं. तिच्यावर लादलेल्या खोट्यातून मी तिला मोकळं करते. ती कोणालाही, कुठेही, काहीही खरं सांगायला मुखत्यार आहे.

कलम ५. मास्तर.

त्यांना माझी खंजिरी द्यावी. सोबत काही निरोप नाही. त्यांना आता ऐकू कमी येतं, निरोप मोठ्याने द्यावा लागेल आणि शेजारी विचारतील.

कलम ६. धाकटीच्या सांगण्यावरून घातलेलं.

गेल्या महिन्यात मी तिला बोलावून घेतलं. तीस वर्षांत आम्ही फक्त मयताला भेटलो होतो. ती जिना चढून आली, दम लागला म्हणून शेवटच्या पायरीवरच बसली. मी वरच्या कलमांचा कच्चा खर्डा तिला वाचून दाखवला. मला वाटलं होतं रडेल, निदान सुटले म्हणेल. ती बराच वेळ पायरीच्या फरशीवर नख वाजवत राहिली. मग म्हणाली, "आणि सहावं?"

तबकडीवर सहा गाणी आहेत. सहावं, "नमुना घरी नेऊ का", तिने खरोखर लिहिलेलं आहे. दुकानात एक बाई दर आठवड्याला येई, एक फरशी नमुना म्हणून घरी नेई, परत आणून देई, आणि विकत कधीच काही घेत नसे. तिच्यावर.

धाकटी म्हणाली, "वहिनी, पाच तुझी म्हटल्यावर सहावं माझं आहे यावर कोण विश्वास ठेवेल? लोक म्हणतील, तेही हिचंच असणार. मी आयुष्यात एकच गाणं लिहिलं, आणि तू मला सोडवताना तेवढंच जाईल."

तीन आठवडे हे कलम डोक्यात घोळवलं. एका बाईला कोंडल्यावाचून दुसरीला सुटता येत नसेल तर तो कसला न्याय. म्हणून स्वच्छ लिहिते: सहाव्या गाण्यात माझा एकही शब्द नाही, एकही सूर नाही. एक शब्द मी सुचवला होता. तिने तो घेतला नाही, आणि तिचंच बरोबर होतं. हेही लिहिते, आणि हे लिहायला मला या संपूर्ण कागदात सगळ्यात जास्त वेळ लागला: सहांमध्ये ते सगळ्यात चांगलं आहे. ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लिफ्टमधला माझा राग निम्मा त्याचाही होता.

माझी पाच गाणी सोडवताना या सहाव्याला धक्का लागत असेल, तर कलम ४ रद्द समजावं.

माझी गिटार धाकटीने ठेवावी. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे, म्हणून धाकटी आत्ता जिन्यात बसली आहे. आणि म्हणूनच चष्मेवाल्याला मी काहीही ठेवलेलं नाही. त्याने रागावू नये, मला त्याची सही हवी होती.

इतकं लिहून, स्वतः वाचून, समजून, खालच्या दोघांच्या देखत सही केली.

राहत्या घरी, वरचा मजला. दिनांक ९ मार्च, सकाळी साडेअकरा.

(सही) लिहिणार

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. लिहिणार पूर्ण शुद्धीत असून माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: चष्म्याचे दुकानदार, तुटका माल या बँडचे बेसवादक. लिहिणाराने माझ्यासमोर सही केली. तसेच सहावं गाणं धाकटीने फरश्यांच्या दुकानात, कोटेशनच्या कागदाच्या पाठीवर, एका दुपारी लिहिलं तेव्हा मी तिथे हजर होतो. तिसरी ओळ जमेना म्हणून ती खोक्यावर बसून रडली होती. मग जमली. (सही)