वाढदिवसाची पांढरी फुलं

प्राची,

दुर्गाचे कप वापस द्यायले जाऊन राहिली. भाजी झाकून ठेवली आहे, जेवून घेजो.

तुझ्या चंद्रकुमारदादानं माझ्या वाढदिवसाले पुण्याहून सांगून पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ पाठवला. मी न्हाणीत होती, आणणारा दारातच ठेवून गेला. आपल्या गल्लीत एवढी पांढरी फुलं मयतीच्याच घरी येतात. बाहेर येऊन पाहतो तं साऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसलेल्या. मले जिती पाहून साऱ्यांचे पदर खाली आले. मंग दुर्गानं तिच्या घरचे कप आणले, चहा झाला, दिवेलागणीपर्यंत कोणी उठलं नाही. माझ्या वाढदिवसाले एवढ्या बाया आपल्या ओट्यावर कधी बसल्या नव्हत्या.

दादाचा फोन आला तं यातलं काही बोलू नको. पुढच्या वर्षी फुलांचा रंग बदलवू नको, एवढंच सांगजो.

आत्या