गोष्ट पोटात ठेवणारं प्रोटीन

१ फेब्रुवारी, रविवार. संध्या. ७.१०
राहीचा मुंबईहून फोन. दोन बातम्या. पहिली तिच्या रिसर्चची. चेतापेशीच्या टोकाशी रसायनाच्या बारीक पुड्या तयार असतात. प्रोटीनच्या दोऱ्यांनी कडेला बांधलेल्या. एक प्रोटीन पुडी दाबून धरतं, फुटू देत नाही. सिग्नल आला की कॅल्शियम आत शिरतं, दुसरं प्रोटीन ते ओळखतं, पकड सुटते, पुडी फुटते, रसायन पलीकडच्या पेशीला. मला पहिल्याच दमात समजलं. राही म्हणाली, बाबा, मला तीन वर्षं लागली. असू दे. सगळ्यांची झेप सारखी नसते.

दुसरी बातमी : लॅबमधल्या रितेशशी लग्न ठरवलंय. मुलगा चांगला. कुणाला सांगायचं नाही. ती १ मार्चला येईल, आईबरोबर श्रीवर्धनला मामाकडे जाईल, मग जगाला.

२ फेब्रुवारी
राहीच्या आईने, सगुणाने, पुन्हा बजावलं. बाळाजीराव म्हणजे तिचा थोरला भाऊ, सुपारीच्या वाडीवाला. पहिला मान मामाचा, हातात नारळ ठेवून. बाहेरून कळलं तर तो रुसणार, मग राहीला मांडवात कोण आणणार, असं म्हणताना तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. बिचारी रडत होती.

तिचंही बरोबर आहे. आमच्या वास्तुशांतीची बातमी बाळाजीरावांना एसटीच्या कंडक्टरकडून कळली, तर चार वर्षं आमच्याकडे पाणी प्यायले नाहीत. कंडक्टरला कुणी सांगितलं हा वेगळा विषय आहे. तिकीट काढताना माणूस काहीतरी बोलतोच.

संकल्प : महिनाभर तोंड बंद. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. पेशीला जमतं ते मला का जमू नये?

५ फेब्रुवारी
विज्ञानदिनाचं भाषण हेडमास्तरांनी माझ्यावर टाकलं. म्हणजे मीच मागून घेतलं. विषय अर्थात पुड्या. कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रोटीनचं नाव सिनॅप्टोटॅग्मिन. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. दहाव्यांदा बरोबर आलं. अकराव्यांदा कवळी सुटली.

८ फेब्रुवारी, रविवार
न्हाव्याकडे. राही कशी आहे म्हणाला. मी काहीही सांगितलं नाही. फक्त विचारलं, मुलीच्या लग्नात बापाला कलप बरा दिसतो का. हे सामान्य ज्ञान आहे.

राहीला फोन करून सहज विचारलं, सिग्नल नसताना पुडी फुटते का? म्हणाली, फुटते, एखाददुसरी, आपोआप. निरोगी पेशीतसुद्धा. फार बरं वाटलं. न्हावी ही आपोआप फुटलेली पुडी. माझी पेशी निरोगी आहे.

११ फेब्रुवारी
आज आपोआप दोन. एक गणिताच्या पूनम मॅडम. त्या खूप थकलेल्या दिसत होत्या, त्यांना काहीतरी चांगलं ऐकायची गरज होती. दुसरी दारावर मासळी आणणारी सोनाबाई. सर, आज दोन पापलेटं जादा घेताव, पावणं हायेत का, म्हणाली. मी म्हटलं, अजून नाहीत. ‘अजून’ ऐकून तिने टोपली खाली ठेवली आणि स्वतःही बसली. मग मुलाचं नाव, गाव, पगार. तिला शपथ घातली. आमच्या बोर्ली गावात ती चाळीस घरं फिरते, पण शपथ म्हणजे शपथ.

संकल्प : उद्यापासून कडक.

१५ फेब्रुवारी. महाशिवरात्र
हरिहरेश्वरला गेलो. रांगेत अडीच तास. एक शब्द बोललो नाही. देवाला मात्र सांगितलं, त्याच्यापासून काय लपवायचं? घंटा वाजत होत्या म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. मागे बोर्लीची सात माणसं उभी होती. बाहेर येऊन त्यांनी माझं अभिनंदन केलं. दुसऱ्याचं देवाशी चाललेलं बोलणं ऐकू नये, एवढीही रीत लोकांना राहिली नाही.

२० फेब्रुवारी
मॉडेल तयार. पुडी म्हणून सुपाऱ्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी, दोऱ्या म्हणून सुंभ, पकडणारं प्रोटीन म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमटा काढल्यामुळे सगुणाची साडी उडून शेजारच्या माडावर गेली. विज्ञानासाठी घरच्यांना थोडं सोसावं लागतं.

साडी काढून आणल्यावर तिने विचारलं, कुणाकडे बोलला नाहीत ना? मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? ती हसली. म्हणजे आहे.

२७ फेब्रुवारी
उद्या बक्षिसं द्यायला बाळाजीराव येणार. हे हेडमास्तरांनी मला आज सांगितलं. संकल्प : त्यांच्याशी फक्त हवामान आणि सुपारीची कीड.

२८ फेब्रुवारी. दुपारी ३
भाषण झालं. सिनॅप्टोटॅग्मिन फर्स्ट क्लास आलं. कवळी जागेवर.

पण मुलं जांभया देत होती. अशा वेळी जिवंत उदाहरण द्यावं, असं मी स्वतःच नव्या शिक्षकांना सांगतो. म्हणालो, पकडणारं प्रोटीन म्हणजे काय? माझंच घ्या. माझ्या राहीचं लग्न ठरलं, मला कळून महिना होत आला, पण समोर बसलेल्या तिच्या मामांना मी एक अक्षर तरी कळू दिलंय का?

मुलांच्या जांभया थांबल्या. माझ्या हातातला चिमटा सुटला. सुपाऱ्या स्टेजवरून खाली पहिल्या रांगेत गेल्या. बाळाजीरावांनी एक उचलली, उलटसुलट करून पाहिली, खिशात टाकली आणि बक्षिसं न देताच निघून गेले. तिसऱ्या रांगेत सगुणाने पदर तोंडाला लावला होता.

माझ्यामुळे राहीचा मामा मांडवात येणार नाही. घरी न जाता स्टाफरूममध्ये बसून लिहितोय.

२८ फेब्रुवारी. संध्या. ६
घरी पोचलो तर बाळाजीराव ओटीवर चहा पीत बसलेले. दाजी, बसा, म्हणाले. पोरगी दिवाळीतच येऊन गेली माझ्याकडं, नारळ घेऊन, जावयाला घेऊन. मला तवापासून ठाव हाय. आज हसू आवरंना म्हणून भायेर पडलो.

सगुणाला विचारलं, मग महिनाभर हे काय चाललं होतं? ती म्हणाली, गावाला कळवायचं होतं. माझे गुडघे दुखतात, घरोघर कोण फिरणार? तुम्हाला ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं की काम होतं. हरिहरेश्वरपर्यंत पोचलं, तेवढी अपेक्षा नव्हती.

१ मार्च, रविवार
राही आली. दिवाळीत मामाला आणि फेब्रुवारीत बापाला. वाईट वाटलं. तिला तसं सांगितलं.

ती शेजारी बसली. म्हणाली, बाबा, तीन महिने ते फक्त आमचं राहावं असं वाटत होतं. तुम्हाला सांगितल्यावर ते सगळ्यांचं झालं असतं.

वीस मिनिटं गप्प बसलो. हा माझा विक्रम असावा.

मग विचारलं, तुझ्या त्या सगळ्यात मी कोण? राही म्हणाली, कॅल्शियम. तुम्ही आत आलात की पुड्या फुटतात. पण तुमच्याशिवाय निरोपही पोचत नाही. दुसरं वाक्य ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. बरं वाटलं.

जेवताना लग्नाच्या तारखेचं विचारलं. ठरलीय, सगुणा म्हणाली. कधीची? पत्रिका छापून आल्या की सांगते, म्हणाली आणि मला आमटी वाढली.

उद्या न्हाव्याकडे जातो. त्याला माहीत असेल.